मे महिन्याच्या बिलावरून सोलर ठरवू नका

मे महिन्याचं वीजबिल हातात असताना सोलरच्या कागदावर सही करू नये, हे मी हल्ली भेटेल त्याला सांगते. नागपुरात ते सांगावंच लागतं. नवतपा सरत आलेला असतो, रात्रंदिवस चालणाऱ्या कूलरच्या आवाजाने कान किटलेले असतात, बिल येतं, आकड्यावरून घरात बोलाचाली होते आणि नेमका त्याच आठवड्यात कोणीतरी दारात उभा राहून म्हणतो, “काकू, बिल झिरो करून देतो.” त्या घटकेला माणूस कशालाही हो म्हणतो.

माझी भाची इंग्लंडमध्ये असते. तिने एकदा फोनवर विचारलं, “मावशी, तुम्ही वर्षभराचा दर बांधून का नाही घेत?” तिकडे घरगुती ग्राहकाला विजेचा आणि गॅसचा दर वर्षा-दोन वर्षांसाठी बांधून घेता येतो. 2021 च्या सुमारास गॅस भडकला तेव्हा तिथल्या कितीतरी छोट्या कंपन्या बुडाल्या, आणि त्यांचे ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या दराने वर्ग झाले, हेही तिनेच सांगितलं. आपल्याकडे तो पर्यायच नाही. घरगुती विजेचा दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो, आणि महावितरणचा जो दर गडचिरोलीला तोच नागपूरला. कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक केंद्रं आमच्या उशाशी आहेत. राख आमच्या वाट्याला येते, वीज मात्र एका पैशानेही स्वस्त मिळत नाही. हे मला अन्यायाचं वाटतं आणि विदर्भातले ग्राहक आयोगाच्या जनसुनावणीत ते मांडत आले आहेत. 2011 ते 2019 या काळात महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स विभागांतलं वीजवाटप खासगी फ्रँचायझीकडे होतं, तेव्हाही दर आयोगाचेच होते.

बरं, आयोगाने पाच वर्षांचे दर जाहीर केले म्हणजे निश्चिंत झालो, असंही नाही. 2025 मध्ये 28 मार्चला आदेश निघाला, काही दिवसांतच आयोगाने स्वतःच त्याला स्थगिती दिली, आणि 25 जूनच्या सुधारित आदेशाचे दर 1 जुलैपासून लागू झाले. शिवाय इंधन समायोजन आकार नावाची एक ओळ बिलात असते, ती कोळशाच्या आणि वीजखरेदीच्या खर्चाप्रमाणे वरखाली होते. दरावर आपला काही ताबा नाही. आपल्या हातात आहेत ती युनिटं, म्हणून बिल आलं की मी आधी युनिट बघते, रुपये शेवटी.

बिलाच्या मागचं गणित एकदा शांतपणे समजून घ्यावं. घरगुती वापराचे चार टप्पे आहेत: 100 पर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे. 2024-25 मध्ये वीज पोचवण्याचा वहन आकार धरून पहिल्या टप्प्याचं युनिट 5.88 रुपयांना होतं, दुसऱ्याचं 11.46 ला, तिसऱ्याचं 15.72 ला, आणि 500 च्या पुढचं 17.81 ला. आकडे बदलत राहतात, चढण तशीच राहते. आता 500 युनिट वापरलेल्या घराचं बघा. पहिल्या 300 युनिटांचे 2,880 रुपये झाले आणि नंतरच्या 200 युनिटांचे 3,144. स्थिर आकार, इंधन समायोजन आणि 16 टक्के वीज शुल्क वेगळंच. म्हणजे वरची 200 युनिटं खालच्या 300 पेक्षा महाग पडली. आमच्या गल्लीत पुष्कळांना वाटतं की 301 वं युनिट पडलं की सगळीच युनिटं महाग दराने लागतात. तसं नाही. वरच्या टप्प्याचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. हे कळलं की घाबरगुंडी थांबते आणि कुठे हात घालायचा ते दिसतं. वरच्या टप्प्यातलं एकेक युनिट वाचवणं सगळ्यात मोलाचं.

त्यासाठी वीज जाते कुठे ते माहीत हवं. आमचं मीटर जिन्याखाली आहे. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो, आणि किती लुकलुकींचं एक युनिट ते मीटरवरच छापलेलं असतं. एका रविवारी सकाळी यजमान मीटरपाशी उभे राहिले आणि मी वर एकेक बटण बंद करत गेले. फ्रिज बंद, पंखे बंद, टाकीची मोटर बंद, सगळं बंद केलं तरी दिवा अधूनमधून लुकलुकतच होता. वायरमनला बोलावलं. त्याने मागच्या खोलीतला कूलर उघडला, पंपाच्या वायरीचं फाटलेलं वेष्टण दाखवलं आणि म्हणाला, “ताई, बिलाचं जाऊ द्या, इथं हात लागला असता तर माणूस गेला असता.” अर्थिंग तुटलेलं होतं. कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. म्हणून कूलर काढायच्या दिवशी, पाणी भरण्याआधी, वायर, पंप आणि अर्थिंग बघून घ्या, आणि पाणी भरताना प्लग काढा. हे मी बिलाच्या लेखात सांगते आहे, कारण वीज वाचवण्याच्या नादात जुना पंप आणखी एक साल ओढणारी घरं मला माहीत आहेत.

त्याच वायरमनने कूलरची ताटीही दाखवली. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने गवतावर क्षाराचं पांढरं कवच चढलं होतं. हवा आत येत नव्हती, खोली गार होत नव्हती, आणि म्हणून आम्ही एसी घेण्याच्या गोष्टी करत होतो. ताट्या बदलल्या आणि त्या उन्हाळ्यात एसीचा विषय निघाला नाही. नागपूरच्या कोरड्या उन्हात कूलरसारखी स्वस्त थंडी नाही. साधा घरगुती कूलर 200 वॉटच्या आसपास घेतो, दीड टनाचा एसी त्याच्या पाच-सहा पट. मृग लागला, हवा दमट झाली की कूलर हात टेकतो, हे खरं. तेव्हा ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी तो 24 ते 26 वर ठेवून वरचा पंखा चालवावा. एकेक अंश वर नेला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो.

पंख्यांकडे तर कोणी बघतच नाही. जुना पंखा 75 वॉट घेतो, नवा बीएलडीसी 30 च्या आसपास. चार पंखे दिवसाला बारा तास चालले तर महिन्याला 65 युनिटांचा फरक पडतो, आणि आमच्याकडे पंखा थंडीचे दोन-तीन महिने सोडले तर वर्षभर फिरतो. सोलरचा विचार करायच्या आधी हे करावं, कारण जी वीज लागणारच नाही तिच्यासाठी पॅनल कशाला विकत घ्यायचं?

आता सोलर. मी त्याच्या विरोधात नाही, उलट आमच्या गच्चीवर ते आहे आणि त्याने आमचं भलंच केलं. दर बांधून घेण्याच्या सर्वांत जवळ जाणारी सोय आपल्याकडे हीच आहे: आज एकरकमी पैसे द्यायचे आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं काही युनिटांचा दर कायमचा ठरवून टाकायचा. 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला 30,000, दोनला 60,000, आणि तीन किंवा त्याहून कितीही जास्त बसवलं तरी 78,000 रुपये अनुदान आहे. पण किती युनिटांचा दर बांधायचा, हा सगळा खेळ आहे, आणि नागपूरकर तिथेच फसवला जातो.

आमच्याकडे आलेल्या विक्रेत्याने मे महिन्याचं बिल मागितलं. वापर 480 युनिट. एक किलोवॅट महिन्याला सरासरी 120 युनिट देतं, म्हणजे चार किलोवॅट, “आणि पुढे एसी घ्याल, तर पाचच बसवून टाका काकू.” त्याचा हिशेब त्या एका महिन्यापुरता बरोबर होता. मी बिलाच्या पाठीमागचा मागच्या बारा महिन्यांचा वापर एका कागदावर उतरवला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी महिन्याला 140 च्या आसपास. मार्चमध्ये 220, एप्रिलमध्ये 390, मे 480, जून 430, आणि पावसाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत सव्वादोनशे-अडीचशे. सगळी बेरीज तीन हजार युनिटांच्या घरात. पाच किलोवॅट वर्षाला सात हजारांहून अधिक युनिटं देणार. उरलेल्या चार हजारांचं काय?

इथे एक गोष्ट आहे जी विक्रेता सांगत नाही. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे तयार झालेली युनिटं वापरातून वजा करण्याच्या पद्धतीत, या महिन्याची शिल्लक युनिटं पुढच्या महिन्यात जातात, पण आर्थिक वर्ष संपेपर्यंतच. 31 मार्चला हिशेब बंद होतो आणि उरलेली युनिटं आपण भरतो त्या दराच्या मानाने फार कमी दराने घेतली जातात. आता नागपूरचं कॅलेंडर आठवा. थंडीत वीज लागत नाही, आकाश स्वच्छ असतं, शिल्लक साचत जाते, आणि कूलर काढायची वेळ येते तेव्हाच ती शिल्लक पुसली जाते. एप्रिल, मे, जून हे सगळ्यात खाऊ महिने नव्या वर्षाच्या सुरुवातीला कोरी पाटी घेऊन उभे राहतात. थंडीतली युनिटं साठवून उन्हाळा काढू, हा बेत आमच्या शहरात तरी जमत नाही.

म्हणून आम्ही दोन किलोवॅट बसवलं. महिन्याला 240 युनिटं. मे मधल्या 480 मधून ती वजा झाली की उरतात 240, म्हणजे 301 च्या पुढचा महाग टप्पा पूर्ण गेला आणि दुसऱ्यातलाही काही भाग गेला. पहिली दोन किलोवॅट सर्वांत महाग युनिटं कापतात. त्यापुढची एक तर स्वस्त युनिटं कापतात, नाही तर मार्चअखेर मातीमोल दराने जातात. ज्यांचा थंडीतला वापरही तीनशेच्या वर आहे, घरात दोन एसी आहेत, त्यांचं गणित वेगळं निघेल. त्यांनी ते स्वतःच्या बारा आकड्यांवरून काढावं, माझ्या नव्हे.

बिल शून्य मात्र होत नाही. स्थिर आकार राहतोच. मे मध्ये उत्पादन वाढेल असं वाटतं, पण पॅनलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. 25 अंशांच्या वर पॅनल तापलं की दर अंशाला साधारण 0.35 ते 0.4 टक्के उत्पादन घटतं, आणि 45 अंशांच्या दुपारी ते 65 च्या वर सहज जातं. आणखी एक: एकदा दुपारी बाराला वीज गेली तेव्हा गच्चीवर रणरणतं ऊन आणि खाली पंखे बंद. सासूबाई हातपंखा घेऊन विचारत होत्या, “अगं, आपल्याकडे तर सोलर आहे ना?” वाहिनीला जोडलेली साधी यंत्रणा पुरवठा गेला की आपोआप बंद होते, कारण खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तिचा शॉक लागू नये. लोडशेडिंगसाठी सोलर घेणाऱ्यांनी हे आधी ऐकून ठेवावं. त्यांना बॅटरी लागेल आणि खर्च वाढेल.

आमच्या कामात एक गोष्ट बिघडली. विक्रेत्याने तोंडी सांगितलं होतं की सांगाडा टाकीच्या वर जाईल इतका उंच करू. प्रत्यक्षात तो कमी उंचीचा बसवला गेला आणि दुपारी तीननंतर टाकीची सावली दोन पॅनलांवर पडू लागली. एका पॅनलवर सावली पडली तरी त्याच ओळीतल्या बाकीच्यांचंही उत्पादन खाली येतं. त्याने करारावर बोट ठेवलं, आणि करारात उंची लिहिलेली नव्हती. शेवटी टाकी आम्ही पदरच्या पैशाने सरकवली. तेव्हा सांगाड्याची उंची, पॅनलची दिशा, पॅनल आणि इन्व्हर्टरचं नाव आणि वॉरंटी, धुण्यासाठी गच्चीवर नळ, नेट मीटरच्या अर्जाची जबाबदारी कोणाची, हे सगळं कागदावर आणा. एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते. ती जागा सकाळी दहाला, दुपारी दोनला आणि चारला स्वतः जाऊन बघा. शेजारी तिसरा मजला चढवणार असतील तर तेही विचारा. विक्रेता योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला हवा, आणि पैसे कामाच्या टप्प्याटप्प्याने द्या. अनुदान ग्राहकाच्याच बँक खात्यात येतं, त्यामुळे “अनुदान आम्ही बघतो” असं म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

आणि अर्ज करायच्या आधी वीज कार्यालयात एक प्रश्न लेखी विचारा: दिवसा तयार झालेली युनिटं रात्रीच्या वापरातून वजा होणार का? 2025 च्या दरप्रस्तावात ती वेळेनुसार वेगळी धरण्याची मागणी महावितरणने केली होती आणि ग्राहकांनी तिला कडाडून हरकत घेतली. कूलर रात्रभर चालवणाऱ्या आपल्यासारख्यांचा सगळा हिशेब या एका उत्तरावर फिरतो. ज्यांच्याकडे वेळेनुसार नोंद करणारं नवं मीटर आहे आणि सोलर नाही, त्यांना 1 जुलै 2025 पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर सवलत आहे. धुण्याचं यंत्र, इस्त्री, टाकीची मोटर त्यांनी तेव्हा चालवावी.

उन्हाळ्यात कधी कधी बिलासोबत अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं मागणीपत्रही येतं आणि लोक ते दुसरं बिल समजून हबकतात. दर महिन्याला बिल येणाऱ्या ग्राहकाकडून सरासरी दोन महिन्यांच्या बिलाएवढी ठेव घेतली जाते. ती आपल्याच नावावर राहते आणि तिच्यावर व्याज मिळतं. वापर कमी झाला, सोलर लागलं, तर जास्तीची ठेव परत किंवा बिलात वळती करून मागा. बिल चुकीचं वाटलं तर तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहेत आणि त्यांचं कार्यालय नागपुरातही आहे. मंचाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, म्हणून जुनी बिलं रद्दीत घालू नका.