परत आलेला जोड

कोल्हापुरी चपला मी ऑनलाइन विकते. कोल्हापूरच्या सुभाषनगरातले तीन-चार कारागीर चपला करतात आणि आमच्या घराच्या पुढच्या खोलीतून त्या देशभर जातात. आता या धंद्यात गिऱ्हाईक मिळतं. विकलेला जोड तिकडेच राहील, याची मात्र खात्री नसते. ग्राहकाला 'आवडलं नाही तर परत करा' असं सांगितलं जातं, तेव्हा त्या सोयीचे पैसे कुणीतरी भरत असतं आणि बहुतेक वेळा तो विक्रेताच असतो. नव्याने विकायला लागलेल्या बायका मला विचारतात, तेव्हा त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

1. किंमत ठरवण्याआधी परतीचा हिशेब मांडा

समजा, जोडाची किंमत 900 रुपये. त्यात 5 टक्के जीएसटीचे साधारण 43. कारागिराला 500. प्लॅटफॉर्मचं कमिशन आणि इतर फी मिळून 130, कुरिअरचे 70, खोका, पिशवी, टेप, लेबल यांचे 30. हातात राहिले 127. विजेचं बिल, मोबाइलचा खर्च आणि माझा दिवस, सगळं त्यातच.

आता हाच जोड परत आला. कमिशन परत मिळालं असं धरू, जीएसटीही वजा होतो. पण जातानाचे 70 गेले, येतानाचे 110 लागले, पहिल्या पॅकिंगचे 30 वाया गेले, नव्या खोक्याला 15 पडले. झाले 225. दोन जोडांवर कमावलेलं जवळजवळ सगळं या एका परतीत गेलं. आणि जोड पुन्हा विकण्यासारखा नसेल तर त्यात कारागिराचे 500 मिळवा. 725. म्हणजे जवळपास सहा जोडांची कमाई.

आकडे समजण्यापुरते घेतलेत, प्रत्येक प्लॅटफॉर्मवर ते वेगळे असतात. पण वही घेऊन आपले आकडे घालून बघा. परतीचा बोजा किमतीत धरला तर शेजारीच 350 रुपयांना रेक्झिनची 'कोल्हापुरी' लावलेली असते, आणि न धरला तर महिनाअखेर घरातून पैसे घालावे लागतात. या दोन्हींच्या मधली किंमत शोधणं हेच लहान विक्रेत्याचं खरं काम आहे.

2. आरटीओ वेगळा, रिटर्न वेगळा

जो जोड ग्राहकाच्या हाती पडलाच नाही आणि तसाच मागे फिरला, तो आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन). ग्राहकाने घेतला, उघडला आणि परत केला, तो रिटर्न. दोन्ही एकाच रकान्यात लिहू नका, कारण दोन्हींची औषधं वेगळी आहेत. आरटीओ बहुतेक कॅश ऑन डिलिव्हरीचे असतात. घरी कुणी नव्हतं, पत्ता अर्धवट होता, हातात रोख नव्हती, किंवा तोवर दुसरीकडे स्वस्त मिळालं. माल शाबूत येतो, पण दोन-तीन आठवडे रस्त्यावर असतो आणि तेवढे दिवस आपलं भांडवल अडकतं. प्लॅटफॉर्मवर ग्राहकाचा नंबर आपल्याला दिसत नाही, त्यामुळे "ताई, उद्या चप्पल येतेय, घरी आहात ना?" एवढं विचारायचीही सोय नाही. ज्या पिनकोडवरून माल पुन्हा पुन्हा मागे येतो तिथली कॅश ऑन डिलिव्हरी बंद करता येत असेल, तर करावी.

3. परत आलेला खोका घाईने उघडू नका

कारागिरांमधले एक अण्णा आहेत. सत्तरीला आलेत, पण नजर अजून पक्की. परत आलेला जोड मी त्यांच्या हातात देते. एकदा ते खिडकीशी उजेडात धरून बघत होते. वरून जोड नवाकोरा, गोंडा जागच्या जागी, वेणी सुटलेली नाही. त्यांनी तो उलटा केला. तळाच्या टाचेकडच्या शिलाईत बारीक खडी अडकलेली. मग सुलटा करून अंगठ्याच्या खालची जागा माझ्यासमोर धरली. तिथलं कातडं आजूबाजूपेक्षा सावळं झालं होतं.

"ह्यो जोड लग्नात मिरवून आलाय, वहिनी," अण्णा म्हणाले. "पाय बसलाय बघा ह्यात."

कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं असतं. त्याच्यावर प्लास्टिकसारखा थर नसतो. घाम लागला की ते रंग बदलतं, पायाचा आकार धरतं. चप्पल चांगली असण्याची हीच खूण, आणि एकदा पाय बसलेला जोड दुसऱ्याला विकता येत नाही तो यामुळेच. परतीच्या अर्जात कारण लिहिलं होतं, 'क्वालिटी खराब'. फोटोत मात्र वरचीच बाजू होती. प्लॅटफॉर्मवरच्या माणसाने, किंवा यंत्राने, तो फोटो बघून पैसे परत केले होते. तळ कुणी मागितलाच नव्हता.

परतीचा जोड आला की आधी तळ, मग शिलाई, मग अंगठा, मग वास. शेवटी नग आपलाच आहे का ते बघा. आम्ही आता आतल्या बाजूला बारीक ठसा मारतो. आमची चप्पल ठेवून दुसरीच, झिजलेली चप्पल खोक्यात घालून पाठवल्याचे प्रकारही घडतात.

4. पुरावा आधी तयार ठेवा

पॅक करताना व्हिडिओ, परत आलेला खोका उघडतानाही व्हिडिओ. लेबल, बंद खोका, टेप कापणं, आतला माल, तळ, हे सगळं एकाच सलग चित्रीकरणात. मध्ये तुटलेला व्हिडिओ प्लॅटफॉर्मकडे केलेल्या भरपाईच्या क्लेममध्ये नामंजूर होतो. क्लेमची मुदत थोड्या दिवसांची असते आणि ती खोका दारात पडल्यापासून मोजली जाते, तुम्हाला सवड झाल्यापासून नाही. दिवाळीत परतीचे खोके कोपऱ्यात साठतात आणि मुदत तिथेच संपते. म्हणून हे काम एकाच माणसाकडे द्या. आमच्याकडे माझी नणंद करते, दुपारी जेवण झाल्यावर, दुसऱ्या कुठल्याही कामाला हात लावण्याआधी.

वर सांगितलेल्या जोडाचा क्लेम आम्ही तळाच्या फोटोंसह टाकला होता. उत्तर आलं: वस्तू वापरल्याचं सिद्ध होत नाही. पुन्हा टाकला, तेच ठरीव उत्तर. तिथे कुणाशी बोलता येत नाही, याचा मला सर्वांत जास्त राग येतो. दुकानात गिऱ्हाईकाशी वाद झाला तरी दोघंही एकमेकांचं तोंड बघून बोलतात. इथे निकाल देणारा कोण, त्याने कातड्याची चप्पल कधी हातात घेतली आहे का, काहीच कळत नाही.

5. परतीचं मोठं कारण माप

बुटाचा आठ नंबर आणि कोल्हापुरीचा आठ नंबर एक नसतात. रुंद पंजाला अंगठ्याची पट्टी आवळते. शिवाय नवी कोल्हापुरी सुरुवातीला घट्टच असायला हवी. चार-आठ दिवस घरात घालून, आतून जरा तेल लावून ती सैल होते. पहिल्याच दिवशी ऐसपैस बसणारी चप्पल महिन्यात पायातून निसटते. हे कोल्हापूर-सांगलीकडच्या घरांत सांगावं लागत नाही. पण 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमधल्या कोल्हापुरीसारख्या चपलांवरून वाद झाला, त्यानंतर आयुष्यात कधी कोल्हापुरी न घातलेली माणसंही ती मागवायला लागली. ऑर्डरी वाढल्या, परतीही वाढल्या. 'कडक आहे', 'कातड्याचा वास येतो', 'दोन्ही पायांचा रंग किंचित वेगळा आहे'. खऱ्या कातड्याची ही लक्षणं दोष म्हणून परत आली.

म्हणून वर्णनात हे सगळं लिहा, आणि पहिल्या चार ओळींतच लिहा. पाऊल सेंटिमीटरमध्ये कसं मोजायचं त्याचा फोटो टाका. सुंदर फोटोंबरोबर तळाचा आणि शिलाईचाही टाका. विक्री थोडी कमी होते, पण झालेली विक्री टिकते.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात नसते. परतीच्या यादीतून ग्राहकाला कारण निवडायचं असतं. 'माप चुकलं' किंवा 'मन बदललं' निवडलं तर कधी पैसे कापतात, कधी नुसती अदलाबदल मिळते. 'माल खराब' निवडलं की सगळं फुकट. मग माणूस कुठलं कारण निवडणार? आणि त्या एका बोटाच्या टोकाने आमच्या मालावर 'खराब' असा शिक्का बसतो, रेटिंग उतरतं, यादीत आम्ही खाली जातो.

6. पावसाळ्यात हात आखडता घ्या

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आम्ही नग कमी ठेवतो. भिजून परत आलेल्या जोडाला बुरशी येते आणि तो कुणाच्याच कामाचा राहत नाही.

7. कायदा काय म्हणतो ते वाचा

मी तो वाचला, तेव्हा मला धीर आला. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे माल सदोष असेल, नकली असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा ठरल्या वेळेनंतर पोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यावाच लागतो. हे अगदी रास्त आहे. 'कोल्हापुरी' नावाला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. तरी त्या नावाखाली रेक्झिन खपतंच. नागपूरच्या किंवा गुवाहाटीच्या बाईने फसवणूक होऊनही गप्प बसावं, असं मी कधीच म्हणणार नाही. परत करता येतं म्हणूनच तिने न बघता माझ्यासारख्या अनोळखी बाईकडून चप्पल घेतली.

पण नुसतं मन बदललं म्हणून परत घेण्याची सक्ती या नियमांत नाही. ती सवलत प्लॅटफॉर्मनी आपापसांतल्या स्पर्धेतून दिली आहे. युरोपीय संघात तसा कायदा आहे: ऑनलाइन घेतलेली वस्तू 14 दिवसांत कारण न देता परत करता येते. मात्र विक्रेत्याने आधी तसं सांगितलं असेल तर परत पाठवण्याचा खर्च तिथे ग्राहकावर टाकता येतो. आपल्याकडे कायद्याची सक्ती नसताना विक्रेता दोन्ही बाजूंचं कुरिअर भरतो.

शिवाय केंद्राच्या 2016 च्या नियमाप्रमाणे परदेशी भांडवल असलेल्या प्लॅटफॉर्मला विक्रीचा माल स्वतःच्या मालकीचा ठेवता येत नाही. माल आमचा, म्हणून जोखीमही आमची. परतीचं धोरण मात्र ते ठरवतात आणि त्यातून मिळणारा ग्राहकाचा विश्वासही त्यांच्याच नावावर जमा होतो. माझं म्हणणं एवढंच की दोष असेल तर खर्च विक्रेत्याने सोसावा, मन बदललं तर ग्राहकाने थोडा आणि सवलत देणाऱ्या प्लॅटफॉर्मने थोडा. आणि वापरलेला माल परत घेण्याआधी त्याचा तळ बघावा.

8. खात्यात आलेले पैसे लगेच आपले समजू नका

सेलच्या आठवड्यात सेटलमेंट भरघोस येते आणि पुढच्या दोन आठवड्यांत परतीची वजावट सुरू होते. कधी कधी खातं मायनसमध्ये जातं. सेलच्या पैशातला काही भाग महिनाभर बाजूला ठेवाच. जीएसटीतही हेच: विक्री एका महिन्यात, परत दुसऱ्यात, मग क्रेडिट नोट. प्लॅटफॉर्म जीएसटीचा टीसीएस (आपल्या पैशातून आधीच गोळा केलेला कर) कापतो, तो परतीचा माल वजा जाता उरलेल्या विक्रीवर. जुलै 2024 पासून तो अर्धा टक्का आहे. आपला हिशेब आणि त्यांचा हिशेब दर महिन्याला जुळवला नाही तर आपलेच पैसे पोर्टलवर पडून राहतात.

9. परतीचा तोटा कारागिरावर ढकलू नका

हा मोह मोठा असतो. "अण्णा, या महिन्यात माल फार परत आला, पाच जोडांचे पैसे थांबवते," असं सांगणारे व्यापारी मी पाहिलेत. कारागिराने कातडं रोखीनं आणलेलं असतं. तळ कापणं, कान लावणं, वेणी विणणं यात घरातल्या बायकांचेही हात असतात आणि त्यांचा वेगळा हिशेब कुणी धरत नाही. शिलाई उसवली तर जोड दुरुस्तीला त्यांच्याकडे जरूर जावा. पण बंगळुरूतल्या कुणाला घरी गेल्यावर रंग आवडला नाही, त्याची किंमत सुभाषनगरातल्या घरानं का मोजावी? आमच्याकडे मजुरी शनिवारी चुकती होते, परत आलेले जोड कितीही असोत. परतीचा तोटा त्यांच्यावर पडू नये म्हणून मी एक प्लॅटफॉर्म सोडला आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

10. थोडं तरी थेट विका

व्हॉट्सॲपवर आणि प्रदर्शनांत आमची रीत वेगळी आहे. एकदा माप बदलून मिळेल, पाठवण्याचा खर्च ग्राहकाचा, नवा जोड पोचवण्याचा आमचा. दोष असेल तर सगळा खर्च आमचा आणि माफीही आमची. हे आधी सांगितलं की लोक सहज मान्य करतात. ऑर्डर घेण्याआधी आम्ही मापाचा फोटो मागतो: कोऱ्या कागदावर उभं राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवायची, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवायचं आणि वरून सरळ फोटो काढायचा. नाणं 27 मिलिमीटरचं असतं, त्यावरून पावलाची लांबी-रुंदी काढता येते. या मार्गाने गेलेले जोड क्वचितच परत येतात. अण्णा फोटो दोन्ही पायांचे मागतात. बहुतेकांचं एक पाऊल दुसऱ्यापेक्षा जरासं मोठं असतं आणि ते तळ कापतात तो मोठ्या पावलाच्या मापाने.