जनावरामागे ९२ सेंट : मिथेन-संशोधनाचा पैसा वसूल होतो का?

ऑस्ट्रेलियात गवतावर वाढलेलं एक जनावर विकलं की ५ डॉलर लेव्ही कापली जाते. त्यातले ३ डॉलर ६६ सेंट मांसाच्या जाहिरात-विपणनाला, ९२ सेंट संशोधनाला आणि उरलेले मांसातल्या रसायन-अवशेषांच्या तपासणीला व पशुआरोग्याला जातात. संशोधनाच्या रकमेत सरकार ठरावीक मर्यादेपर्यंत तेवढीच भर घालतं. जनावर तीनदा विकलं गेलं, तर लेव्हीही तीनदा. (दर बदलतात, ताजे तपासून घ्या.) हा निधी वापरणाऱ्या ‘मीट अँड लाइव्हस्टॉक ऑस्ट्रेलिया’नं २०१७ साली, २०३० पर्यंत मांसाचा हा धंदा कार्बन-तटस्थ करण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. तिकडे पशुपालनात असाल, कृषी शिकत असाल किंवा दुकानात ‘कार्बन न्यूट्रल’ छाप बघून जादा पैसे मोजत असाल, तर हिशेब कसा तपासायचा ते बघा.

पहिला प्रश्न: मिथेन-घटीचा आकडा प्रयोगातला की गोठ्यातला? रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मिथेन तयार होतो, आणि खाद्यातली २ ते १२ टक्के ऊर्जा त्याच वाटेनं वाया जाते. म्हणजे मिथेन अडवला तर वजन वाढायला हवं. ॲस्परॅगॉप्सिस या लाल समुद्री शेवाळाच्या २०२० मधल्या प्रयोगात मिथेन ९८ टक्क्यांपर्यंत घटला, वजनही वाढलं. पुढे वाग्यू जातीच्या बैलांवर फीडलॉटमध्ये (विक्रीआधी जनावरं पोसण्याच्या आवारात) दीर्घ चाचणी झाली, तेव्हा घट भरली २८ टक्के. शिवाय जनावरं कमी खाऊ लागली आणि विक्रीच्या वजनाला पोचायला त्यांना जास्त दिवस लागले. त्या जादा दिवसांचा खर्च मालकाच्या माथी.

आता कागदावर मांडून बघा. आकडे मी समजुतीसाठी धरलेत. पूरक खाद्य रोज ५० सेंट, १०० दिवस: ५० डॉलर. जनावर रोज १५० ग्रॅम मिथेन सोडतं आणि तो निम्मा झाला, तर साडेसात किलो वाचला. तापमानवाढीत मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट धरतात, म्हणजे २१० किलो कार्बन डायऑक्साइड वाचला. कार्बन-क्रेडिटला टनामागे ३५ डॉलर भाव आला, तरी हाती पडतात सात डॉलर चाळीस सेंटसुद्धा नाहीत. उरलेले सुमारे ४३ डॉलर कोण भरणार, ते संशोधनाच्या अहवालात शोधा. बहुतेकदा उत्तर ‘ग्राहक’ असतं.

दुसरा प्रश्न श्रेयाचा. २००५ पासून या धंद्याचं निव्वळ उत्सर्जन बरंच घटलं खरं, पण मुख्यतः जंगलतोड कमी झाली आणि झाडं पुन्हा वाढली म्हणून. क्वीन्सलँड राज्याच्या तोडबंदी कायद्याचं पुण्य प्रयोगशाळेच्या खात्यात जमा झालेलं नाही ना, ते बघा.

काळही मोजा. ऑस्ट्रेलियात संशोधनाचे लाभ तीस वर्षांपर्यंत, ५ टक्के सूट-दरानं मोजण्याची रीत आहे. तीस वर्षांनी मिळणारे १०० डॉलर आज जेमतेम २३ ठरतात. त्यातही किती पशुपालक ते तंत्र वापरतील हा अंदाजच. तो निम्मा करून अहवालातलं लाभ-खर्चाचं गुणोत्तर पुन्हा काढा.

आपल्याकडे बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनं ‘हरित धारा’ हे मिथेन घटवणारं पूरक खाद्य तयार केलंय. तेही घेण्याआधी विचारा: दूध किंवा वजन किती वाढलं, कोणाच्या गोठ्यात?

आणि दुकानातल्या छापावर नुसते टक्के असतील, कोणत्या वर्षाच्या तुलनेत ते लिहिलं नसेल, तर एक सेंटही जादा देऊ नका.