मांसातला क्षय

क्षय म्हटला की आपल्याला खोकला आठवतो. पण क्षय फुप्फुसालाच होतो असे नाही. तो हाडांना होतो, मानेतल्या गाठींना होतो. क्वचित मांडीच्या, पोटरीच्या किंवा दंडाच्या मांसातही होतो. असे फार थोड्यांना होते. म्हणून तो चटकन ओळखू येत नाही.

साधे गळू कसे असते? लाल होते. ठणकते. हाताला गरम लागते. थोड्या दिवसांत पिकते. क्षयाचे गळू तसे नसते. ते हळूहळू वाढते. फारसे दुखत नाही, गरमही लागत नाही. म्हणून त्याला ‘थंड गळू’ म्हणतात. कधी बारीक ताप येतो, भूक मरते, वजन घटते. काहींना यातले काहीच होत नाही.

कधी मूळ दुखणे पाठीच्या मणक्यात असते. तिथला पू मांसातून खाली उतरतो आणि गाठ जांघेत दिसते.

अशी गाठ कुणाकडूनही फोडून घेऊ नका. फोडून जंतू मरत नाहीत. जखम मात्र वाहत राहते.

मग करायचे काय? दवाखान्यात जा. डॉक्टर सोनोग्राफी करतात. सुईने थोडा पू काढतात, नाहीतर मांसाचा बारीक तुकडा घेतात. तो तपासला म्हणजे क्षयाचे जंतू आहेत का, ते कळते. हे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधले. जंतू कोणत्या औषधाला दाद देतात, हेही आता तपासता येते. छातीचा फोटोही काढतात, कारण क्षय फुप्फुसातही असू शकतो. तिथे नसेल, तर घरच्यांना सहसा लागण होत नाही. रोग्याला वेगळे ताट कशाला?

औषध गोळ्यांचेच. पहिले २ महिने ४ औषधे, पुढे ४ महिने ३ औषधे. हाड धरले असेल तर आणखी काही महिने. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. लघवी लालसर झाली तर भिऊ नका. तो औषधाचा रंग. पण डोळे पिवळे झाले किंवा ओकाऱ्या थांबेनात, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

खरा धोका पुढेच आहे. गाठ बसते, अंगात ताकद येते. माणूस म्हणतो, “झालो की बरा!” आणि गोळ्या सोडतो. उरलेले जंतू शिरजोर होतात. मग तीच औषधे लागू पडत नाहीत.

गाठ बसली म्हणजे रोग गेला असे नाही. डॉक्टर ‘पुरे’ म्हणतील तेव्हाच गोळ्या थांबवा.

उत्तरे सांगा :
१. थंड गळू कसे ओळखाल?
२. गाठ बसल्यावरही गोळ्या का घ्यायच्या?