गुरांच्या सांथीचा जमाखर्च

गोठ्यांतील जनावर रोगानें मेलें म्हणजे त्याची किंमत धन्याच्या नांवें पडते, एवढें प्रत्येक शेतकऱ्यास कळतें. परंतु तोच रोग शेजाऱ्याच्या दावणीस पोहोंचल्यानें जें नुकसान होतें, तें पहिल्या धन्याच्या वहींत कोठेंच लिहिलें जात नाहीं. गुरांच्या सांथीचा बंदोबस्त करणें म्हणजे हें न लिहिलेलें नुकसान कोणीं सोसावयाचें, हें ठरविणें होय.

या बाबतींत इंग्लंडचा इतिहास फार बोलका आहे. १७१४ सालीं तेथें बुळकांडी शिरली, तेव्हां राजाचा शस्त्रवैद्य थॉमस बेट्स याच्या सल्ल्यावरून रोगी गुरें मारून जाळण्यांत आलीं, व धन्यांस दर गाईमागें ४० शिलिंग देण्यांत आले. थोड्याच महिन्यांत रोग हटला. पुढें १८६५ च्या उन्हाळ्यांत परदेशांतून आणलेल्या गुरांबरोबर तोच रोग लंडनच्या बाजारांत व दुधाच्या गोठ्यांत पसरला. त्या वेळीं सरकारी तपासनिसांस रोगी जनावर मारण्याचा अधिकार प्रथम मिळाला, पण धन्यास भरपाई देण्याची तरतूद नव्हती. परिणाम व्हावयाचा तोच झाला. जनावराच्या डोळ्यांस पाणी येऊं लागलें कीं धनी तपासनिसाच्या आधीं बाजार गांठूं लागला, आणि जो रोग एका गोठ्यांत संपावयाचा तो परगण्यापरगण्यांतून फिरला. शेवटीं १८६६ च्या फेब्रुवारींत पार्लमेंटनें कायदा केला. रोगी जनावर मारल्यास त्याची निम्मी किंमत, मात्र २० पौंडांहून अधिक नाहीं. त्याच्या संगतींतलें निरोगी जनावर मारल्यास पाऊण किंमत, मात्र २५ पौंडांहून अधिक नाहीं. या दोन दरांतील फरक वाचकांनीं नीट पाहावा. जो लवकर बातमी देईल त्याचीं बहुतेक गुरें निरोगी सदरांत मोजलीं जातील, आणि जो लपवील त्याचीं रोगी सदरांत. त्याच वर्षाच्या अखेरीस रोग अगदीं थोडा उरला. कायदा लिहिणाऱ्यांस माणसाचा स्वभाव ठाऊक होता, असें आम्हांस वाटतें.

आपल्या देशांत गाईबैल मारण्याचा उपाय चालणारा नव्हता. लोकभावना तर आड येतीच, पण भरपाईस खजिनाही पुरता ना. म्हणून लशीचा मार्ग धरावा लागला. त्या कामाची सुरुवात आपल्याच पुण्यास झाली, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल. १८८९ सालीं तेथें गुरांच्या रोगांच्या संशोधनाकरितां सरकारी प्रयोगशाळा निघाली व १८९३ सालीं ती कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली. मुक्तेश्वरासच १९२० नंतरच्या दशकांत एडवर्ड्स या शास्त्रज्ञानें बुळकांडीचें विष शेळ्यांच्या अंगांतून वारंवार नेऊन सौम्य केलें व त्याची लस बनविली. १९५४ पासून देशभर टोचणीची मोहीम चालली. पुढें केनयांत प्लाउराइट यानें पेशींवर वाढविलेली लस काढली. ती एकदां टोचली कीं जनावरास जन्मभर पुरे. २००६ सालीं भारत आणि २०११ सालीं सारें जग बुळकांडींतून मुक्त ठरलें. आतां त्या रोगाच्या टोचणीवर कोणासही खर्च करावा लागत नाहीं. असा खर्च, कीं जो एकदां करून कायमचा मिटतो, सरकारी हिशेबांत क्वचितच पाहावयास मिळतो.

लाळ्या-खुरकतीचें गणित याहून अवघड आहे. त्या रोगाच्या विषाच्या सात जाती. पैकीं ओ, ए व एशिया-१ या तिन्हींची लस आपल्याकडे टोचावी लागते, व तिचा गुण थोडे महिनेच टिकत असल्यानें दर सहा महिन्यांनीं पुनः टोचावी लागते. २०१९ सालीं केंद्र सरकारनें हा रोग व सांसर्गिक गर्भपात यांकरितां पांच वर्षांचे १३,३४३ कोटि रुपये मंजूर केले. रक्कम मोठी दिसते खरी. पण न टोचण्याचा खर्च पाहावा. इंग्लंडांत २००१ सालीं खुरकत आली, तेव्हां टोचणी केल्यास 'रोगमुक्त देश' हा शिक्का परत मिळण्यास कत्तलीपेक्षां अधिक काळ लागेल व मांसाची निर्यात अडेल, या भीतीनें तेथील सरकारनें कत्तलच पत्करली. साठ लाखांहून अधिक जनावरें मारलीं गेलीं. सरकारचे तीन अब्ज व खासगी लोकांचे पांच अब्ज पौंडांहून अधिक बुडाले. यांतील मोठा वांटा शेतकऱ्यांचा नव्हे, तर रानवाटा बंद झाल्यामुळें ज्यांचीं गिऱ्हाइकें तुटलीं त्या खेड्यांतल्या खाणावळवाल्यांचा व प्रवाशांवर पोट भरणाऱ्यांचा होता. निर्यातीचें एक खातें राखतांना दुसरें सबंध खातें बुडालें.

आतां आपल्या दाराशीं येऊं. २०२२ सालीं लम्पी चर्मरोगाची सांथ महाराष्ट्रांत पसरली, तेव्हां राज्य सरकारनें मेलेल्या दुभत्या गाईस ३०,०००, बैलास २५,००० व वासरास १६,००० रुपये मदत ठरविली. मदत योग्य होती, यांत शंका नाहीं. परंतु ती मृत्यूची होती, बातमीची नव्हती. महसुलाच्या दप्तरांत आमचें आयुष्य गेलें, त्यामुळें पंचनामा कशाचा होतो व कशाचा होत नाहीं हें आम्हांस चांगलें ठाऊक आहे. खुरकतीनें मोठें जनावर सहसा मरत नाहीं. बैल ऐन पेरणींत लंगडतो, गाईचें दूध आटतें. त्या आटलेल्या दुधाचा पंचनामा कोण करणार? २००९ च्या कायद्याप्रमाणें अनुसूचित रोगाची बातमी देणें धन्यावर बंधनकारक आहे. पण बातमी दिली कीं जनावर वेगळें बांधावें लागतें, बाजार बंद होतो, दुधास गिऱ्हाईक राहत नाहीं. आणि बातमी देणारा मात्र गांवाचा शत्रु ठरतो. १८६५ च्या इंग्लंडांतील धन्याहून याची स्थिति फारशी निराळी नाहीं.

सरकारी दर बदलेपर्यंत आपल्या मंडळीनें स्वतः एक गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. दर जनावरामागें सालाचे वीस रुपये काढले, तर चारशें गुरांच्या गांवांत आठ हजार जमतात. जो सभासद पहिल्या दोन दिवसांत रोगाची बातमी पशुवैद्यास देईल, त्याच्या वेगळ्या बांधलेल्या जनावराचा पंधरा दिवसांचा चारा या रकमेंतून द्यावा. उशीर करणाऱ्यास कांहीं देऊं नये. नोंदवही दूध संकलनाच्या ठिकाणीं ठेवावी, कारण तेथें सकाळसंध्याकाळ सर्वांची गांठ पडते व कोणाचें दूध एकाएकीं घटलें हें मापाऱ्यास आधीं कळतें.