बाळाचा फोटो आणि मतांचा बाजार



‘आमच्या बाळाला मत द्या, खालच्या लिंकवर क्लिक करा.’ असा निरोप अलीकडे आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाईलवर येऊन गेला असेल. सोबत गोजिरवाण्या बाळाचा फोटो असतो. पाठवणारी कोणी परकी नसते. आपलीच भाची, पुतणी किंवा शेजारीण असते. म्हणूनच या विषयावर आज थोडे सविस्तर लिहीत आहोत.

बाळांच्या स्पर्धा आपल्याकडे नव्या नाहीत. अंगणवाडीतली सुदृढ बालक स्पर्धा जळगाव-धुळ्याच्या गावोगावी ठाऊक आहे. २०२२ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने ‘स्वस्थ बालक-बालिका स्पर्धा’ घेतली. तिथे सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची उंची व वजन मोजले गेले. अशा स्पर्धेत नंबर आला नाही तरी आईला काही कळते. वजन कमी भरले तर ताई सांगते, आहार सुधारा. मोबाईलवरच्या स्पर्धेत मात्र बाळाचे काहीच मोजले जात नाही. मोजले जातात ते बाळाचे नातेवाईक.

ही रीत नीट समजून घेऊ. प्रवेश बहुधा मोफत असतो. दोन दिवसांत कळते, ‘तुमचे बाळ अंतिम फेरीत!’ बहुतेक सगळीच बाळे अंतिम फेरीत जातात, हे कोणी सांगत नाही. मग मतदान. दिवसाला एक मत फुकट, पुढच्या मतांना पैसे. समजा ४०० बाळे आहेत आणि प्रत्येकाच्या घरून सरासरी ३०० रुपयांची मते विकत घेतली गेली. जमा झाले १ लाख २० हजार. पहिले बक्षीस २५ हजारांचे असले आणि ते खरोखरच दिले गेले, तरी उरलेले ९५ हजार कोणाचे? शिवाय प्रमाणपत्राचे, पदकाचे, ‘पोर्टफोलिओ’ फोटोंचे शुल्क वेगळेच. धुळ्याच्या बाळाचे मोबाईल वापरणारे वीस नातेवाईक आणि पुण्याच्या बाळाच्या बाबांचे ऑफिसातले दोनशे सहकारी, यांत कोण ‘सुंदर’ ठरणार हे सांगायला परीक्षक कशाला हवा?

पैशांपेक्षा मोठे नुकसान घरात होते. अमक्या वहिनीने मत दिले नाही, काकांनी निरोप पाहूनही उत्तर दिले नाही, अशी मोजदाद सुरू होते. बाळ आठ महिन्यांचे. त्याला यातले काहीही कळत नाही, आणि त्याच्या नावाने जावाजावांत अबोला! अशी विनंती आली तर सरळ फोन करावा. ‘ताई, मी मत देत नाही, पण रविवारी बाळाला बघायला येतो,’ असे म्हटल्याने कोणी दुखावत नाही.

याहून धोक्याचा एक प्रकार आहे. त्यात स्पर्धाच नसते. लिंक उघडली की मत नोंदवण्यासाठी मोबाईल नंबर मागतात, मग आलेला कोड टाकायला सांगतात. तो कोड मताचा नसून आपल्या व्हॉट्सअॅपचा असतो. तो दिला की आपले खाते ठगाच्या हाती जाते आणि आपल्याच नावाने सर्वांना पैशांची मागणी सुरू होते. विनंती करणारी भाची खरी असेलच असे नाही. तिचे खातेही आधीच चोरीला गेलेले असू शकते. मतदानासाठी कोड कधीच देऊ नये. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून अनोळखी यंत्र दिसल्यास काढून टाकावे आणि ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ सुरू करावे. वडीलधाऱ्यांना हे घरातल्या मुलांनी करून द्यावे.

आता फोटोविषयी. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून सव्वा महिना बाळ फारसे कोणाला दाखवत नाहीत, आणि तेच बाळ हजारो अनोळखी डोळ्यांपुढे ठेवताना क्षणभरही विचार होत नाही. बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या झग्यातला फोटो, खाली पूर्ण नाव, जन्मतारीख, चर्चचे व गावाचे नाव. एवढी माहिती परक्याला रस्त्यात विचारली असती तर आपण दिली असती का? स्पर्धा संपते, फोटो त्यांच्याकडे राहतो. आजारी बाळाच्या उपचारासाठी पैसे मागणाऱ्या खोट्या आवाहनांत दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो वापरले गेले आहेत. साध्या फोटोवरून अश्लील चित्र बनवणारी साधनेही आज आहेत. अंघोळीचा किंवा उघड्या अंगाचा फोटो तर कोणत्याही स्पर्धेला पाठवू नये. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा करून मुलाचा स्वतःच्या छायाचित्रावरचा हक्क जपण्याची जबाबदारी आईवडिलांवर टाकली. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकांची खात्रीशीर संमती आवश्यक केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले व ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. पण संमती पालकच आनंदाने देत असतील तर कायदा काय करणार?

जाहिरातीत खरोखर काम मिळत असेल तर? तसे काम असते, पण त्याचे नियम कडक आहेत. २०१७ च्या बालकामगार नियमांनुसार निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. मुलाकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. मिळकतीतले किमान २० टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावे लागतात. म्हणजे खऱ्या कामात पैसे मुलाला मिळतात. आधी तुमच्याकडूनच नोंदणी, प्रशिक्षण, फोटो यांचे पैसे मागितले, तर तिथेच थांबावे. सिंगापूरच्या पोलिसांनी २०२३ मध्ये अशाच फसवणुकीबद्दल पालकांना सावध केले होते. तिथे मुलांच्या मॉडेलिंगची जाहिरात पाहून आलेल्या पालकांना मोबाईलवरच्या गटात घेत, ‘पैसे परत मिळतील’ असे सांगून पुन्हा पुन्हा भरायला लावत.

पैसे गेलेच असतील तर लाजू नका, उशीरही करू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. वेळेत कळवल्यास रक्कम बँकेत रोखली जाऊ शकते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. मुलाच्या फोटोचा गैरवापर झाल्यास १०९८ ही बालकांची हेल्पलाइन आहे. स्पर्धा संपली आणि निकालच सांगितला नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बक्षीस योजनेचा निकाल दडवणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यासाठी जळगाव व धुळे येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. निरोप, पावत्या, पैसे भरल्याचे मेसेज पुसू नयेत. तक्रारीच्या वेळी तेच लागतात.