हवामानबदल आणि परराष्ट्रीय सहाय्य : कर्ज कोणते व अनुदान कोणते

अलीकडे पुष्कळ गावांत शेततळ्यांच्या व अवजारे-बँकांच्या फलकांवर शासनाच्या नावाशेजारी जागतिक बँकेचे नाव दिसते. ते वाचून शेतकरी बंधू दोन प्रश्न विचारतात. हा पैसा फुकटचा आहे काय? आणि यासाठी आमच्या जमिनी कोठे गहाण पडल्या आहेत काय? दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. परंतु तेवढ्याने शंका फिटत नाही. ज्या कार्यकर्त्यास ग्रामसभेत उभे राहून या योजना समजावून द्यावयाच्या आहेत, त्यास हा व्यवहार मुळापासून ठाऊक असणे अवश्य आहे.

पृथ्वीचे सरासरी तापमान यंत्रयुगापूर्वीच्या मानाने एक अंशाहून अधिक वाढले आहे. कोळसा व खनिज तेल जाळल्याने हवेत साठलेला कर्बवायू हे त्याचे मुख्य कारण होय. हा साठा बहुतांशी धनिक राष्ट्रांच्या दीडदोनशे वर्षांच्या कारखानदारीतून झालेला आहे. त्याचे फळ मात्र कोरडवाहू शेतकऱ्यास भोगावे लागते. मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाल्या, असे हवामानशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. दोन सरींमध्ये लांब उघडीप पडावी आणि मग एका रात्रीत शेत वाहून जावे, हा अनुभव आपणांस नवा राहिलेला नाही.

या अन्यायाची दखल १९९२ साली रिओ द जानेरो येथील परिषदेत घेतली गेली. जबाबदारी सर्व राष्ट्रांची आहे, परंतु ती सारखी नाही, हे तत्त्व तेथील करारात मान्य झाले. आणि विकसनशील देशांना द्रव्य व तंत्रज्ञान पुरविण्याचे बंधन धनिक राष्ट्रांनी स्वीकारले. पुढे २००९ साली कोपनहेगन येथे त्यांनी २०२० पर्यंत दरसाल १०,००० कोटी डॉलर उभे करण्याचे वचन दिले. त्यांच्याच संघटनेच्या हिशेबाप्रमाणे ते वचन प्रथम २०२२ साली, म्हणजे दोन वर्षे उशिरा, पुरे झाले. त्या वर्षी आकडा ११,५९० कोटी डॉलर होता खरा, परंतु त्यातील सरकारी निधीचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग कर्जरूप होता. दिलेले कर्ज परत घ्यावयाचे आणि त्यास सहाय्य म्हणावयाचे, हे आपल्याकडील सावकारीशी परिचय असलेल्या माणसास थोडे चमत्कारिक वाटल्यास नवल नाही. २०२४ साली बाकू येथे २०३५ पर्यंत दरसाल ३०,००० कोटी डॉलरचे नवे उद्दिष्ट ठरले. ते अपुरे असल्याचा आक्षेप भारताने त्याच सभेत नोंदविला.

आता आपल्या राज्याकडे वळू. नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पासाठी जागतिक बँकेने २०१८ साली ४२ कोटी डॉलर मंजूर केले. एकूण खर्च सुमारे ४,००० कोटी रुपयांचा. त्यात बँकेचा वाटा शेकडा ७० व राज्याचा ३०. मराठवाडा, विदर्भ व जळगाव भागातील १५ जिल्ह्यांमधील ५,१४२ गावे प्रारंभी निवडण्यात आली. पुढील टप्प्यात २१ जिल्हे घेतले आहेत. बँकेची ही रक्कम अनुदान नव्हे, कर्ज होय. मुदत २४ वर्षांची, त्यांपैकी पहिली ६ वर्षे मुद्दलाच्या फेडीपासून सूट. शेतकऱ्याच्या खात्यात जे पडते ते अनुदानच असते. सातबाऱ्यावर त्याचा बोजा चढत नाही. परंतु कर्ज फेडावयाचे ते सार्वजनिक तिजोरीतून, म्हणजे आपण सर्वांनी. जे शेततळे खोदले पण ज्यात पाणी साठले नाही, त्याचाही हप्ता आपणच भरणार.

म्हणूनच या प्रकल्पात गावाचा पाण्याचा ताळेबंद आधी मांडण्याची जी पद्धत आहे, ती मला सर्वांत मोलाची वाटते. पाऊस किती पडतो, वाहून किती जातो, मुरतो किती आणि पिके किती मागतात, याचा हिशेब करण्याचे साधन मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने तयार झाले. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्याचे उदाहरण घ्या. तेथे विहिरीचे पाणी खारे. ते दिल्यास जमीन आणखी बिघडते. उलट, त्या चिकण काळ्या जमिनीत पाणी सहजी मुरत नाही, म्हणून पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात टिकते आणि उघडीप पडली असता पिकास एकदोन संरक्षित पाणी देता येते. तेच शेततळे मुरमाड माळावर अस्तराशिवाय खोदल्यास महिनाभरात कोरडे पडेल. ताळेबंद मांडणाऱ्याने हा भेद ओळखला नाही, तर सर्व खर्च व्यर्थ.

एक अडचण येथे स्पष्ट सांगितली पाहिजे. पूर्वसंमती मिळाल्यावर शेतकऱ्याने आधी आपला पैसा घालावयाचा, देयक दाखवावयाचे, तपासणी व्हावयाची आणि नंतर अनुदान खात्यात जमा व्हावयाचे, असा क्रम आहे. गैरव्यवहार टाळण्यास तो चांगला. परंतु ज्याच्या हाती आधी घालण्यास पैसा नाही, तो अल्पभूधारक मागे राहतो. अशा शेतकऱ्यांची नावे ग्राम कृषि संजीवनी समितीने वेगळी काढावीत व त्यांच्या अर्जाआधीच बँकेशी किंवा सोसायटीशी बोलणे करावे.

खरे अनुदानही येते, पण थोडे. हरित हवामान निधी नावाची जी संस्था दक्षिण कोरियात आहे, तिने २०१८ साली महाराष्ट्र, आंध्र प्रदेश व ओडिशा यांच्या किनाऱ्यांसाठी सुमारे ४.३ कोटी डॉलर अनुदान मंजूर केले. त्यातून कोकणात कांदळवनांचे रक्षण आणि त्याच्या आश्रयाने खेकडे व कालवे यांचे संवर्धन, अशी कामे घेण्यात आली. ही रक्कम परत करावयाची नाही.

तंत्रज्ञानाची गोष्ट पैशापेक्षा अवघड असते. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत विकसित केली. सुमारे एक मीटर रुंदीचा वरंबा व अर्धा मीटर सरी. जादा पाणी सरीतून निघून जावे व वरंब्यात ओल टिकावी, ही त्यातील योजना. तत्त्व उत्तम होते. परंतु त्यासाठी शिफारस केलेले बैलाने ओढावयाचे चाकांचे बहुउपयोगी अवजार इतके महाग होते, की सामान्य शेतकऱ्याने ते घेतले नाही. पुढे आपल्या देशातच ट्रॅक्टरवरील पेरणीयंत्रे तयार झाली आणि तेव्हा कोठे ही पद्धत सोयाबीनच्या शेतात रुजू लागली. आता ती यंत्रे भाड्याने मिळतात. परंतु पेरणीच्या आठ दिवसांत सर्वांनाच एकदम लागतात. यास्तव अवजारे-बँकेने मृग नक्षत्रापूर्वीच गटवार पाळी लावून घ्यावी. सरी उताराच्या दिशेने सरळ खाली काढू नये. उतारास आडवी, अगदी सौम्य ढाळ ठेवून काढावी, व तिचे तोंड शेताबाहेर गवती चरात सोडावे. यंत्र शेतात नेण्यापूर्वी बांधावर थोडे चालवून बी किती पडते व किती खोल जाते, हे चालकाकडून तपासून घ्यावे.