पट्ट्याचा वळ

अपघातानंतर माझ्या डाव्या खांद्यापासून छातीवरून उजव्या कमरेपर्यंत काळानिळा वळ उठला होता. भेटायला येणाऱ्यांना तो दिसला की ठरलेलं वाक्य यायचं, "वहिनी, बघा, त्या पट्ट्यानंच लागलं तुम्हाला." सासूबाईंच्या कॉलरबोनला तडा गेला होता, त्याचं खापरही पट्ट्यावरच फुटलं. हे सगळे आमच्या काळजीपोटीच बोलत होते. पण हा समज घेऊन उद्या त्यांतलाच कुणी पट्टा काढून बसेल, ही भीती मला आजही वाटते, म्हणून हे लिहिते आहे.

उसाचा हंगाम होता. फलटणहून बारामतीला येताना रस्त्यात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अंधारात उभा होता. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. ह्यांनी ऐनवेळी गाडी वळवली, ट्रॉली चुकली, आणि गाडी पुढच्या मोरीच्या कठड्यावर समोरून आदळली. वेग पन्नासच्या आसपास असेल. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाऊन कशावर तरी आदळणं म्हणजे साधारण १० मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्यासारखं आहे. पायांनी डॅशबोर्डला रेटा देऊन किंवा वरचं हँडल घट्ट धरून तो जोर पेलता येईल, असं कुणी मनात आणू नये.

धडकेत गाडीचं नाक चेपतं. ते मुद्दाम चेपेल असंच बनवलेलं असतं, म्हणजे आतल्या माणसांना थांबायला थोडी जागा आणि थोडा वेळ मिळतो. पण तो फायदा गाडीशी बांधलेल्या माणसालाच मिळतो. न बांधलेला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि काचेवर किंवा पुढच्या सीटवर जाऊन थांबतो. आमच्या गाडीत हे मी प्रत्यक्ष पाहिलं. मागे सासूबाईंच्या, म्हणजे आईंच्या, शेजारी सीटवर बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा होता. तो आमच्या दोघांच्या मधून उडून पुढच्या काचेवर बसला. काचेला जाळी पडली आणि डब्याचा काठ आत वळला. दीड-दोन किलोच्या डब्याची ही गत. आई त्याच सीटवर बसल्या होत्या, पट्टा लावून.

वळ उठतो तो यामुळेच. पट्टा तो सगळा जोर छातीचा पिंजरा, खांदा आणि कमरेचं हाड, म्हणजे शरीराच्या भक्कम भागांवर वाटून देतो. तीन ठिकाणी अडकणारा हा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोहलिन या अभियंत्याने १९५९ मध्ये आणला, आणि कंपनीने त्याचं पेटंट इतरांनाही वापरू दिलं. आजच्या बऱ्याच गाड्यांत धडक बसताक्षणी एक छोटा स्फोटक भाग पट्टा मागे खेचून ढिलाई काढतो आणि मग जोर फार वाढला तर पट्टा थोडा सैल सोडला जातो. आईंच्या वयात हाडाला तडा जाऊ शकतो. तो तडा भरून आला.

एअरबॅगचा अनुभव वेगळाच. कानाशी फटाका फुटावा तसा आवाज, जळका वास आणि गाडीभर पांढरा धूर. गाडीनं पेट घेतला असंच आम्हाला वाटलं. बराचसा धूर म्हणजे पिशवी चिकटू नये म्हणून लावलेली पावडर असते. तिने डोळे चुरचुरतात, दम्याच्या माणसाला त्रास होतो, म्हणून जमेल तितक्या लवकर बाहेर पडावं. पिशवी पापणी लवायच्या आत फुगते आणि आपण तिच्यावर टेकतो तेव्हा तिच्या भोकांतून हवा निघून जात असते. म्हणूनच ती मऊ लागते. जो पट्ट्याशिवाय आधीच पुढे झुकलेला असतो, त्याला ती फुगत असतानाच गाठते, आणि तो तडाखा जीवघेणा ठरू शकतो. एअरबॅग पट्ट्याच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. मांडीवर बाळ घेऊन पुढे बसणाऱ्या आयांना मी हात जोडून सांगते, मागे बसा, आणि बाळाला त्याच्या स्वतःच्या सीटमध्ये बांधा. मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट एअरबॅगसमोर कधीही लावू नका.

डॅशबोर्डवर जिथे एअरबॅगची अक्षरं कोरलेली असतात, नेमका तिथेच आपण गणपती चिकटवतो. ते झाकण उघडतं तेव्हा मूर्ती थेट तोंडावर येते. बाप्पाला दुसरी जागा द्या. पाय वर टाकून बसू नका. चालवणाऱ्याची छाती स्टिअरिंगपासून निदान २५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभराहून थोडी जास्तच, लांब हवी.

मागच्या सीटचं काय, हे विचारणाऱ्यांनी ४ सप्टेंबर २०२२ आठवावा. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, ते दोघे गेले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागे पट्टा लावण्याचा नियम तेव्हाही होता. न लावल्यास १,००० रुपये दंड आहे. तरी आपल्या कितीतरी गाड्यांत मागच्या पट्ट्यांची बक्कलं सीट कव्हरखाली गाडलेली असतात. कव्हर फाडावं लागलं तरी चालेल, ती आजच वर काढा. कव्हर घेताना सीटच्या कडेला एअरबॅग आहे का तेही बघा. साध्या कव्हरने ती अडते.

पट्टा लावताना खालचा भाग पोटावर नको, कमरेच्या हाडावर बसू द्या. गरोदर बाईने तो पोटाच्या खालून घ्यावा. साडीचा पदर, स्वेटर, शाल यांनी तो फुगून राहतो. ओढून सपाट करा. अपघातानंतर पोटावर वळ दिसला आणि पोट दुखत असेल, तर घरी शेकत न बसता दवाखान्यात जा, आत इजा असू शकते. पट्ट्याचा पीं-पीं आवाज बंद करायला मिळणाऱ्या नकली क्लिपा विकू नका म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना बजावलं. घरात असेल तर फेकून द्या.

आमची गाडी दुरुस्त होताना गॅरेजच्या कारागिराने एक गोष्ट शिकवली. तो म्हणाला, "ताई, फुटलेली एअरबॅग आणि खेचला गेलेला पट्टा दोन्ही नवेच लागतात. काही लोक नुसतं झाकण बसवून गाडी विकतात." जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी हे फार मोलाचं आहे. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागून तसाच राहिला तर यंत्रणेत बिघाड आहे. मुळीच लागला नाही तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. मग प्रत्येक पट्टा झटक्याने ओढून तो अडकतो का बघा, आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.